तलाठ्याची जाहिरात आली की माझा धंदा होतो

विट्यात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सातबारा, पॅनकार्ड, उत्पन्नाचा दाखला हे बारमाही चालतं, पण गर्दी खेचते ती भरती. 2023 च्या जून-जुलैत तलाठी भरतीचे फॉर्म सुटले, तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सर्व्हर हलका मिळावा म्हणून पोरं रात्री जेवून यायची. फोटोची साइज बसत नाही, सही पुसट आलीय, ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर आणि वडील रानात. फी खुल्या गटाला 1,000, राखीवला 900. जागा 4,644 आणि राज्यभरातून अर्ज 10 लाखांवर!

त्याआधीची तलाठी भरती 2019 ची. मध्ये कोरोना होता, मान्य. पण कुठला कर्मचारी कधी निवृत्त होणार हे सरकारदरबारी आधीच लिहिलेलं असतं, तरी जागा साठवायच्या आणि निवडणूक जवळ आली की एकदम काढायच्या, हे काही कोरोनाने शिकवलेलं नाही. तोवर बावीसचा पोरगा ‘येईल, येईल’ म्हणत सत्तावीसचा होतो.

आमच्या खानापूर तालुक्यात पूर्वी गलाईची वाट होती. दहावी झाली की चुलत्याच्या नाहीतर मामाच्या दुकानात, थेट केरळ-तमिळनाडूपर्यंत, सोनं-चांदी गाळायला. पदवी घेतलेला पोरगा आता भट्टीपुढं बसत नाही, त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण भरती हुकल्यावर सत्ताविसाव्या वर्षी तो तिकडं गेलाच, तर त्याला काम शिकवणारा कारागीर त्याच्याहून पाच वर्षांनी लहान असतो. ते पचत नाही. महिन्याभरात परत येतो.

2024 ला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. लोकांनी तिला ‘लाडका भाऊ’च करून टाकलं. काम शिकता शिकता महिन्याला बारावीला 6,000, आयटीआय-डिप्लोमाला 8,000, पदवीधराला 10,000. आधी सहा महिने, मग मुदत वाढवून अकरा. शेजारच्या गावची एक बीएस्सी झालेली मुलगी त्यातून ग्रामपंचायतीत लागली. दाखले, घरपट्टीच्या नोंदी, सगळं चोख करायची. मुदत संपली, ती घरी बसली आणि तिथल्या कामाचा ढीग पुन्हा वाढला. प्रमाणपत्र लॅमिनेट करायला आली तेव्हा म्हणाली, “अण्णा, हे कुठल्या फॉर्मला जोडायचं?” मी आजवर भरलेल्या एकाही फॉर्मात त्याला रकाना बघितलेला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. एमपीएससी वर्षाचं अंदाजित वेळापत्रक काढते, भले तारखा पुढं-मागं होतात. तसंच तलाठी, वनरक्षक, जिल्हा परिषदेचं काढा. जागा थोड्या असू देत, पण दरवर्षी काढा. दोनदा बसून नाही झालं तर पोरगं पंचविशीच्या आत दुसऱ्या धंद्याला लागेल. माझी सीझनची कमाई बुडेल, बुडू दे.

सध्या दुकानात हाताखाली माणूस हवाय. त्या बीएस्सीवालीलाच विचारलं. “येते की,” म्हणाली, “जाहिरात येईपर्यंत.”