पापणीपासून छातीपर्यंत

मंगळवार, 18 नोव्हेंबर 2025

आज आईचा छातीचा सीटी स्कॅन झाला. थायमोमाच्या, म्हणजे छातीतल्या थायमस ग्रंथीतील गाठीच्या, शस्त्रक्रियेला या महिन्यात तीन वर्षे पूर्ण झाली. पहिली दोन वर्षे दर सहा महिन्यांनी स्कॅन होत असे. आता वर्षातून एकदा, आणि तोही शस्त्रक्रियेपासून दहा वर्षे होईपर्यंत, असे सर्जननी बजावले आहे. थायमोमाची गाठ परत उद्भवलीच तर ती पाच-सात वर्षांनी, कधी दहा वर्षांनंतरही उद्भवू शकते आणि बहुतेक वेळा फुप्फुसावरच्या आवरणावर लहान गाठींच्या रूपाने दिसते. म्हणून रेडिओलॉजिस्टनी आधीची पाचही पाकिटे मागून घेतली आणि जुन्या चित्रांशेजारी नवी चित्रे लावून पाहिली. आवरणावर नवे काही नाही. संध्याकाळी तोंडी निरोप मिळाला, लेखी अहवाल उद्या मिळेल.

घरी आल्यावर पाकिटे तारखेनुसार लावताना सगळे पुन्हा आठवले. या आजारात योग्य गोष्टी योग्य क्रमाने झाल्या म्हणून आई आज माझ्यासमोर बसून शेंगा सोलते आहे, असे मी मनापासून मानते. तोच क्रम आज लिहून ठेवते.

2022 च्या श्रावणात आई रोज संध्याकाळी पोथी वाचत असे. पहिली पंधरा मिनिटे आवाज स्वच्छ असे, मग शब्द नाकातून येऊ लागत, ‘प’ आणि ‘ब’ ओठांवर ठरत नसत, आणि ती पोथी मिटून म्हणे, “राहिलेले उद्या वाचते.” सकाळी आवाज पूर्ववत. त्याच सुमारास तिची डावी पापणी उतरू लागली. एका डोळ्यांच्या दवाखान्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, बाकी वयामुळे आहे, असे सांगून चष्म्याचा नंबर बदलून दिला. आम्हीही ते मान्य केले, कारण आईचे वय एकसष्ट होते आणि चाळीस वर्षे वर्गात बोललेल्या शिक्षिकेचा आवाज थकणे स्वाभाविक वाटत होते. पण जेवताना चार घास झाले की भाकरी चावण्यासाठी ती हनुवटीला हाताचा आधार देऊ लागली, तेव्हा मात्र मी घाबरले. जो थकवा वापराने वाढतो आणि विश्रांतीने ओसरतो, तो नुसता वयाचा असेलच असे नाही, हे मला तेव्हा कोणी सांगितले असते तर दोन महिने वाचले असते.

पुण्यात मेंदूविकारतज्ज्ञांनी तिला खुर्चीवर बसवले आणि म्हणाले, “मावशी, मान न हलवता छताकडे बघत राहा.” मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. चाळीस सेकंद झाले असतील. डावी पापणी हळूहळू खाली आली आणि बुबुळाच्या मध्यावर येऊन थांबली; आई वर पाहण्याची धडपड करत होती, कपाळाला आठ्या पडल्या होत्या, पण पापणी उचलत नव्हती. मग त्यांनी रबरी हातमोज्यात बर्फ भरून, गाठ मारून, तो मिटलेल्या डोळ्यावर दोन मिनिटे धरला. काढला तेव्हा डोळा पुरता उघडला होता. मज्जातंतूकडून स्नायूला मिळणारा संदेश थंडाव्यात अधिक चांगला पोहोचतो, म्हणून असे होते. स्नायूंच्या या आजाराचे मायस्थेनिया ग्रेव्हिस हे नाव मी त्या खोलीत प्रथम ऐकले. पक्के निदान अँटिबॉडीच्या रक्ततपासणीने आणि मज्जातंतूंना विजेचे हलके धक्के देऊन केलेल्या तपासणीने झाले, पण डॉक्टरांनी त्याच चिठ्ठीवर छातीचा सीटी स्कॅनही लिहिला होता. पापणीच्या दुखण्यासाठी छाती कशाला, असे मी विचारले. मायस्थेनियाच्या शंभर रुग्णांपैकी दहा ते पंधरा जणांना थायमसची गाठ असते, हे त्याचे उत्तर होते. आईची गाठ पाच सेंटिमीटरची होती, छातीच्या मधल्या हाडामागे आणि हृदयाच्या पुढ्यात.

थायमस ही ग्रंथी लहानपणी मोठी असते आणि वयात आल्यानंतर आक्रसत जाऊन तिच्या जागी बरीचशी चरबी उरते. 1961 मध्ये जॅक मिलर यांनी लंडनमध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून तिचे काम उघड होईपर्यंत ती निरुपयोगीच समजली जात होती. शरीराचे रक्षण करणाऱ्या टी पेशी तिथे वाढतात आणि आपले कोण, परके कोण हे शिकूनच बाहेर पडतात. गाठ झालेल्या थायमसमध्ये हे शिक्षण बिघडते. अर्धवट शिकलेल्या पेशी बाहेर पडतात, आणि शरीर स्वतःच्याच स्नायूंवरील ग्राहकांविरुद्ध, म्हणजे मज्जातंतूचा संदेश झेलणाऱ्या रेणूंविरुद्ध, अँटिबॉडी तयार करू लागते. हे समजावून सांगितल्यावर आई जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “म्हणजे परीक्षा न घेताच मुलं वरच्या वर्गात ढकलली.” मला याहून चांगले स्पष्टीकरण अजून सापडलेले नाही.

यानंतरचा आठवडा मला आजही अस्वस्थ करतो. पहिल्या रुग्णालयात, ज्याचे नाव मी लिहिणार नाही, दुसऱ्याच दिवशी सुई घालून गाठीचा तुकडा काढायचा आणि सोबत स्टिरॉइडचा मोठा डोस सुरू करायचा असे ठरले होते. गाठ म्हटली की आधी तुकडा तपासायचा, हे आमच्याही मनात पक्के होते. मेंदूविकारतज्ज्ञांनी मात्र थांबायला सांगितले आणि छातीच्या सर्जनकडे पाठवले. सर्जननी कागदावर आकृती काढून दाखवली. थायमोमाला आवरण असते. ते अखंड ठेवून गाठ सबंध बाहेर काढणे हाच उपचाराचा कणा आहे, आणि सुई चुकीच्या वाटेने, फुप्फुसाच्या आवरणातून गेली तर त्या वाटेवर पेशी सांडण्याचा धोका असतो. चित्र थायमोमाचेच असेल, मायस्थेनिया सिद्ध झालेला असेल आणि गाठ पूर्ण निघण्यासारखी असेल, तर आधी तुकडा काढायची गरज नाही. ती आजूबाजूच्या अवयवांत घुसलेली असेल किंवा लिम्फोमाची, म्हणजे लसिका पेशींच्या कर्करोगाची, शंका असेल तर तुकडा घ्यावाच लागतो, आणि तेव्हा आधीच दिलेले स्टिरॉइड निदान धूसर करते. शिवाय मायस्थेनियात स्टिरॉइड एकदम मोठ्या मात्रेत सुरू केले तर पहिल्या काही दिवसांत अशक्तपणा उलट वाढू शकतो. पहिल्या डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी थायमोमा क्वचितच पाहिला असावा; दहा लाख लोकांमागे वर्षाला एक-दोन रुग्ण, इतका तो दुर्मीळ आहे.

गाठ सापडूनही शस्त्रक्रिया लगेच केली नाही. श्वासाचे स्नायू अशक्त असताना भूल दिली तर व्हेंटिलेटर काढणे अवघड होते. म्हणून पाच दिवस शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रक्तदात्यांच्या रक्तातून मिळवलेल्या अँटिबॉडी, दिले, गोळ्या जुळवल्या, रोज फुंकर मारायला लावून श्वासाची ताकद मोजली, आणि आकडे पुरेसे वर आले तेव्हाच तारीख दिली. त्या दिवसांत मी अल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्याबद्दल वाचले. 1936 मध्ये अमेरिकेतील नॅशव्हिल येथे त्यांनी मायस्थेनियाने जर्जर झालेल्या एका तरुणीच्या थायमसची गाठ काढली आणि ती सुधारली. त्या काळी इम्युनोग्लोब्युलिन नव्हते आणि आजच्यासारखे व्हेंटिलेटरही नव्हते. त्या मुलीच्या घरच्यांनी संमती कशी दिली असेल, या विचाराने मला रात्री झोप लागली नाही.

मधले हाड उघडून केलेली शस्त्रक्रिया साडेतीन तास चालली. गाठ हृदयाच्या आवरणाला टेकलेली होती, त्यात घुसलेली नव्हती. तिच्या कडेने श्वासपटलाकडे जाणारी डावी नस जाते. ती दुखावली तर पटलाची ती बाजू निकामी होते, आणि मायस्थेनियाच्या रुग्णाला ते परवडत नाही. नस वाचली. गाठ, उरलेला सगळा थायमस आणि भोवतालची चरबी असे एकसंध काढून, कोणती बाजू कुठली हे दोऱ्यांनी खुणावून, पॅथॉलॉजीकडे पाठवले.

“साधी की कॅन्सरची?” हा प्रश्न सगळ्या नातेवाइकांनी विचारला आणि मला त्याचे एका शब्दात उत्तर देता येईना. सूक्ष्मदर्शकाखाली थायमोमाचे ए, एबी, बी1, बी2, बी3 असे प्रकार करतात. थायमिक कार्सिनोमा हा वेगळा आणि अधिक आक्रमक. पण भवितव्य ठरते ते मुख्यतः गाठ आवरण ओलांडून कुठवर गेली आणि ती पूर्ण निघाली का यावरून. जपानमधील मासाओका यांनी 1981 मध्ये टप्पे आखले तेही याच पायावर. वरून निरुपद्रवी दिसणारी गाठही पसरू शकते, म्हणून आता कोणत्याच थायमोमाला साधी गाठ म्हणून सोडून देत नाहीत. आईची बी2 होती, आवरण ओलांडून चरबीत शिरलेली, पण काढलेल्या भागाच्या कडा गाठीच्या पेशींपासून मोकळ्या. ट्यूमर बोर्डात, म्हणजे निरनिराळ्या तज्ज्ञांच्या बैठकीत, चर्चा होऊन पंचवीस दिवसांचे रेडिएशन ठरले, एकूण 50 ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे माप). केमोथेरपी लागली नाही.

माझा भाचा अजूनही विचारतो की इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध चेतवणारी औषधे, का दिली नाही. थायमोमामध्ये ती औषधे आधीच भरकटलेल्या प्रतिकारशक्तीला हृदयाच्या स्नायूवर सोडू शकतात, आणि ते जिवावर बेतू शकते. नवे औषध म्हणून ते आईसाठी योग्य ठरतेच असे नाही.

गाठ गेली तरी मायस्थेनिया गेला नाही. मज्जातंतूचा संदेश स्नायूपर्यंत नीट पोहोचायला मदत करणारी पायरिडोस्टिग्मिनची 60 मिलिग्रॅमची गोळी अजून दिवसातून चार वेळा घ्यावी लागते. जेवणाआधी अर्धा तास घेतली की भाकरी नीट चावता येते. तिच्या पर्समध्ये मी मराठीत लिहिलेले टाळायच्या औषधांचे कार्ड आहे. गेल्या उन्हाळ्यात लघवीच्या संसर्गासाठी एका दवाखान्यात लिव्होफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिहून दिले होते. त्या गटातील औषधांनी मायस्थेनिया बिघडतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2011 पासूनच छापायला लावला आहे. आईने कार्ड काढून दाखवले आणि डॉक्टरांनी लगेच औषध बदलले.

आता साडेसात वाजले आहेत. गोळीचा गजर वाजला, आईने शेंगांचे ताट बाजूला ठेवून गोळी घेतली. आजच्या सीडीवर तारीख घालून ती सहाव्या पाकिटात ठेवली आहे. पुढच्या नोव्हेंबरला सहाही पाकिटे बरोबर न्यायची आहेत.