मूलद्रव्यांचा संग्रह: चौदावा गण पुरा झाला

जर्मेनियमचा तुकडा अखेर हाती आला आणि आवर्तसारणीतला चौदावा गण, म्हणजे चौदावा उभा स्तंभ, भरला. कार्बन, सिलिकॉन, जर्मेनियम, कथिल, शिसं अशी पाच कुप्यांची उभी रांग आता लाकडी चौकटीत लागली आहे. खालचं फ्लेरोव्हियम प्रयोगशाळेत मोजक्या अणूंपुरतंच तयार होतं, त्याच्या खणात नुसती चिठ्ठी.

नव्याने संग्रह सुरू करणाऱ्यांना माझा आग्रह आहे, मिळेल ते भरत सुटू नका, एकेक गण धरा. एका गणात बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन सारखे. इथे प्रत्येकाचे चार. तरीही खाली उतरावं तसा अधातूचा धातू होत जातो, आणि ते हाताला कळतं. जुन्या सेलमधली ग्रॅफाइटची कांडी कागदावर काळी रेघ ओढते. सिलिकॉनचा खडा चकाकतो खरा, पण ठोकला की ठिकऱ्या. जर्मेनियमही ठिसूळच, रंगाने जरा उजळ. कथिलापाशी सगळं पालटतं. कल्हईवाल्याकडून घेतलेली कांडी कानाशी धरून वाकवली, तर आतले स्फटिक करकरताना चक्क ऐकू येतात! शिसं नखानेही ओरखडतं. ओरखडा आधी चकाकतो, मग हवेने काळवंडतो. (शिसं हाताळलं की हात साबणाने धुवा.)

या रांगेतला माझा लाडका खण मधलाच. आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हने सिलिकॉनच्या खालची जागा मोकळी सोडली आणि १८७१ मध्ये तिथल्या न सापडलेल्या मूलद्रव्याचं वर्णनही लिहून ठेवलं: अणुवस्तुमान ७२, घनता ५.५. पुढे १८८६ मध्ये जर्मनीत फ्रायबर्गला विंकलर या रसायनशास्त्रज्ञाला एका खनिजात जर्मेनियम सापडलं. अणुवस्तुमान ७२.६, घनता ५.३. माझा तुकडा सोनाराच्या काट्यावर आधी हवेत, मग पाण्यात बुडवून तोलला, घनता ५.३ च्या आसपासच आली. तो आकडा वहीत लिहिताना फार आनंद झाला.

आता संग्रहात आणायचंय टेल्युरियम आणि आयोडीन. अणुवस्तुमानाने पाहिलं तर टेल्युरियम (१२७.६) आयोडीनच्या (१२६.९) नंतर यायला हवं. मेंडेलीव्हने गुणधर्म पाहून ते आधी बसवलं; त्याला वाटलं, टेल्युरियमचं वजनच चुकीचं मोजलंय. वजन बरोबर होतं. सारणीचा खरा क्रम अणुअंकाचा, म्हणजे अणुकेंद्रातल्या प्रोटॉनांच्या संख्येचा, हे मोझली या भौतिकशास्त्रज्ञाच्या १९१३ पासूनच्या क्ष-किरण प्रयोगांनी दाखवलं: टेल्युरियम ५२, आयोडीन ५३.

टेल्युरियमची सोय झाली आहे. आयोडीनची वाफ बुचातून निसटून शेजारच्या धातूंना खाते, म्हणून ते काच वितळवून बंद केलेल्या नळीतच ठेवायचं आहे. अशी नळी कुणी घरी बंद केली असेल, तर काच कोणती वापरली आणि आयोडीन तापू नये म्हणून काय केलंत ते जरूर कळवा.