परसातला खताचा डबा

आमच्या चिपळूणच्या घरामागे आंब्याचा पाला वर्षभर पडतो. पूर्वी तो जाळायचो. धुरानं सासूबाईंना खोकला लागायचा, ते मला बघवेना. म्हणून गेल्या दिवाळीनंतर भंगारवाल्याकडून रंगाचे 20 लिटरचे दोन रिकामे डबे आणले, 80 रुपयांना, आणि घासून धुतले.

जुना स्क्रू-ड्रायव्हर तापवून बुडाला दहा-बारा आणि चहूबाजूंनी ओळीनं भोकं पाडली. (हे काम अंगणातच करा, प्लास्टिकचा धूर वाईट.) डबा दोन विटांवर, खाली जुनी परात. तळाशी नारळाच्या शेंड्या, वर पाला, मग भाजीची देठं, केळ्याची सालं, चहाचा चोथा. विरजण म्हणून वाटीभर आंबट ताक.

पहिल्याच महिन्यात आंबूस वास सुटला, अळ्या वळवळायला लागल्या. सासूबाईंनी डोकावून पाहिलं. "अगं, ओलं जास्त झालंय. पाला चुरून घाल नि खालवर कर." तीन दिवसांत वास गेला. अळ्या राहू दिल्या, त्याही कचराच खातात. तेव्हापासून एक वाटी ओल्यावर दोन वाट्या पाला, आणि आठवड्यातून दोनदा ढवळणं. हवा मिळाली की कुजतं, नाही मिळाली की सडतं.

अडीच महिन्यांत भरलेला डबा निम्म्यावर बसला. मूठभर हातात घेतलं: काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसातल्या मातीचा वास. शेंड्या मात्र तशाच होत्या, त्या दुसऱ्या डब्याच्या तळाशी गेल्या. बाकीचं चाळून अळवाला घातलं.

पावसाळ्यात डबे पडवीत घ्यायचे आहेत.