ऑडिट रिपोर्ट सोसायटीच्या कपाटात, आणि किल्ली सेक्रेटरींकडे

डोंबिवली पूर्वेला रिसेलचा वन बीएचके घेतला. भाव जमला, कर्ज वेळेत मंजूर झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. डोकं फिरलं ते एका रिपोर्टपायी.

घर बघायला मी पैसे देऊन सिव्हिल इंजिनिअर नेला होता. एजंट म्हणाला, "बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला ना, आता परत कशाला?" अहो, व्हॅल्युअर बँकेसाठी किंमत काढतो. तो नाण्याने टाइल्स ठोकत बसत नाही की प्रत्येक प्लगला अर्थिंग आहे का ते बघत नाही.

घर ठीक निघालं. बाथरूमच्या छताला ओल होती, वरच्यांच्या नहाणी ट्रॅपची, म्हणजे फरशीतलं पाणी जिथून खाली जातं त्या जोडाची. खरी भानगड खाली पार्किंगमध्ये. दोन कॉलमना उभ्या भेगा. आतली सळई गंजून फुगली की काँक्रीट असं फुटतं. इंजिनिअरने बजावलं, सोसायटीचा स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) रिपोर्ट बघितल्याशिवाय टोकन द्यायचं नाही. बिल्डिंग 1992 ची. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, 30 वर्षांवरच्या इमारतीचं ऑडिट दर 3 वर्षांनी व्हायला हवं, म्हणजे रिपोर्ट असणारच.

होताही. पण सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही मेंबर नाही."

"मेंबर व्हायच्या आधीच बघायचाय ना!"

मग चेअरमन गावाला गेले. मग कपाटाची किल्ली सापडेना. मग म्हणे, "तुम्हाला एनओसी देतो, रिपोर्टचं काय घेऊन बसलात?" गंमत बघा, हस्तांतरणाला सोसायटीची एनओसी लागत नाही असं उपविधीतच लिहिलंय, बँका मागतात म्हणून घ्यायची. ती द्यायला एका पायावर तयार. जे वाचल्याशिवाय कोणी घर घेऊ नये, ते मात्र कुलपात.

विकणारे काका कमिटीला घाबरून. "उगाच वाकडं नको हो." शेवटी मी म्हटलं, काका, रिपोर्ट राहू दे, मागच्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त मागा. सहकारी संस्था कायद्याने सदस्याला फी भरून त्याची प्रत घेता येते. अर्ज मी लिहिला, सही काकांची. पोच घेतल्याशिवाय अर्ज द्यायचा नाही, तोंडी विनंतीला तर शून्य किंमत.

इतिवृत्तात सगळं होतं. कॉलमना जॅकेटिंग करायचं, म्हणजे भोवती नवा थर देऊन ते मजबूत करायचे, फ्लॅटमागे दीड लाख वर्गणी, वसुली दिवाळीनंतर. म्हणजे माझ्याकडून! कागद समोर ठेवल्यावर काका लगेच कबूल झाले. ही वर्गणी विकणाऱ्याने भरायची असं करारनाम्यात स्वतंत्र कलम घातलं. शब्दावर ठेवू नका, माणूस कितीही चांगला असो.

हो, एक राहिलं. घर शक्यतो पावसाळ्यात बघा. आणि अख्खं घर जुनाट पण एकाच खोलीचं छत नवं रंगवलेलं दिसलं, तर आधी तिथे मॉइश्चर मीटर (ओल मोजायचं यंत्र) लावायला सांगा.

वरच्यांचा ट्रॅप अजून गळतोय. फ्लॅटच्या आतल्या गळतीचा खर्च ज्याचा त्याने करायचा हे त्यांनाही मान्य आहे. फक्त पाणी आमच्याच पाइपातून येतं असं त्यांचं म्हणणं. या रविवारी त्यांच्या बाथरूममध्ये रंगाचं पाणी कोंडून ठेवायचं ठरलंय, आमच्या छतातून रंग उतरतो का ते बघायला.