तुम्ही विचारलंत म्हणून: 'पुट'ची यादी मी का देत नाही

मालवणात इंग्रजीच्या शिकवण्या घेत असल्यामुळे दर जूनमध्ये मला एकच प्रश्न ऐकावा लागतो: 'सर, पुट ऑफ, पुट आउट, पुट अप विथ, या सगळ्यांची अर्थासह यादी द्या ना, मुले पाठ करतील.' यादी द्यायला मी कंजूष आहे, असा समज आता गावात रूढ झाला आहे, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

यादी मी स्वतः पाठ केली होती. 'पुट'ची २२ रूपे मला झोपेतही म्हणता येत असत आणि त्यांत 'पुट डाउन' म्हणजे दडपून टाकणे, पाणउतारा करणे, असे छापलेले होते. ते चूक नव्हते, हीच तर पंचाईत.

१९९६ च्या पावसाळ्यात मुंबईतल्या एका कार्यालयात कारकुनाच्या जागेसाठी मी अर्ज केला होता आणि फोन करून मुलाखतीचा दिवस ठरवायचा होता. बाजारातल्या एसटीडी बूथचे काचेचे दार लावून मी उभा होतो. बाहेर दोघे जण गळक्या छत्र्या धरून माझे आटोपण्याची वाट पाहत होते आणि समोरच्या यंत्रावर तांबडे आकडे सरकत होते. पलीकडच्या बाईंनी माझे नाव दोनदा विचारून घेतले आणि म्हणाल्या, 'शॅल आय पुट यू डाउन फॉर थर्सडे?' गुरुवारी माझा पाणउतारा करायचा, आणि करू का म्हणून मलाच विचारायचे! मी शक्य तितक्या नम्रपणे म्हणालो, 'नो मॅडम, प्लीज डोन्ट पुट मी डाउन.' त्या क्षणभर थांबल्या, 'ॲज यू विश' म्हणाल्या आणि फोन ठेवला. यंत्रातून बिलाची चिठ्ठी बाहेर आली. ती खिशात घालून मी घरी गेलो आणि मुंबईच्या लोकांना आपली गरज नाही, असे आईला सांगितले. त्या बाई गुरुवारसाठी माझे नाव लिहून घेत होत्या, हे मला कळले तीन वर्षांनी, बी.एड.ला असताना, प्राध्यापिकांनी सहलीच्या कागदावर बोट ठेवून 'पुट युअर नेम डाउन' म्हटले तेव्हा.

राइट डाउन, नोट डाउन, टेक डाउन या सगळ्यांत बोललेले कागदावर उतरते. आपणही पत्ता उतरवून घेतोच, आणि पाणउताऱ्यातही उतरणेच आहे. म्हणजे दोन्ही अर्थ मराठीने माझ्या हाती आधीच दिलेले होते. मी मात्र 'डाउन'कडे न पाहता 'पुट'च्या ओळी घोकत राहिलो. होडी किनाऱ्याला लागते, मासा गळाला लागतो, मुलगा नोकरीला लागतो. 'लागणे'ची यादी आपल्याला कोणी दिली होती?

येथे माझ्यातला तो बूथमधला मुलगा मला अडवतो, आणि त्याचे म्हणणे खोटे नाही. 'लागणे' तू जन्मापासून ऐकलेस. दिवसाला एक तास इंग्रजी ऐकणाऱ्याने यादी घोकू नये, तर काय करावे? शिवाय 'डाउन'वरून सगळे उलगडते, असेही नाही. आजारी जनावराला वेदनेतून सोडवण्यासाठी मारणे, हेही 'पुट डाउन'च आहे, आणि ते मला यादीतूनच कळले. १७५५ साली इंग्रजीचा कोश प्रसिद्ध करणाऱ्या सॅम्युएल जॉन्सन यांनी प्रस्तावनेतच लिहून ठेवले आहे की परकीयांना सर्वांत मोठी अडचण अशा जोडक्रियापदांची होते. त्याच प्रस्तावनेत त्यांनी 'टेक ऑफ'चा अर्थ नक्कल करणे असा दिला आहे. आज चिपीच्या विमानतळाजवळ राहणाऱ्या मुलाला तो सांगून पाहा.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीच्या आईपुढे मात्र माझे काही चालले नाही आणि मी यादी लिहून दिली. 'पुट डाउन'पुढे चार ओळी मोकळ्या सोडल्या, तर त्या माउलीने दुसऱ्या दिवशी वही परत पाठवली: सर, येथे अर्थ लिहायचा राहिला आहे.