जोतं तेवढंच ठेवून

बंदरावरची धर्मशाळा नक्की कोणाची, याला आमच्या गावात चार उत्तरं होती. देवस्थानाची, ग्रामपंचायतीची, मुंबईच्या कुणा शेटजींची, नाहीतर सरकारजमा झालेली. आगबोटी चालू होत्या तेव्हा मुंबईला निघालेली माणसं रात्री तिथे पथारी टाकायची आणि पहाटे होडीतून बोटीवर चढायची. बोटी बंद झाल्या, मग तिथे रेशनचं दुकान आलं, मग मच्छीमारांची जाळी, शेवटी वटवाघळं. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेलं आणि खाडीकडच्या पाखाची कौलं उडाली. आठवडाभरातच ‘पाडून सभागृह बांधूया’ अशी बोलणी सुरू झाली.

मी तेव्हा गावच्या वाचनालयाची सचिव होते. शिवाय फुगडीच्या ग्रुपमध्ये. आमची तालीम देवळाच्या ओसरीत, भजनी मंडळाचीही तिथेच, आणि गणपती जवळ आले की वेळेवरून रोज वाद. त्यामुळे धर्मशाळा मागण्यात माझा स्वार्थ होता, हे आधीच सांगते. वारसा वगैरे शब्द नंतर अर्जात आले.

रत्नागिरीच्या थिबा पॅलेससारख्या राज्य संरक्षित स्मारकाला निदान एक खातं तरी वाली असतं. आमची धर्मशाळा कुठल्याच यादीत नव्हती. पाडायला कोणी अडवणार नाही आणि राखायला कोणी पैसा देणार नाही, अशी तिची गत. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर मात्र एका जुन्या ट्रस्टचं नाव निघालं. धर्मादाय कार्यालयातून नोंदवहीचा उतारा काढला, तर त्यावरचे सगळे विश्वस्त केव्हाच देवाघरी गेलेले. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत सार्वजनिक न्यासांच्या कायद्यातल्या कलम 22 खाली बदल अर्ज द्यायचा असतो. इथे पिढ्या बदलल्या तरी कोणी अर्ज दिला नव्हता.

सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो या कामाने. प्रत्येक मयत विश्वस्ताचा मृत्यूचा दाखला, मग आधीचे ठराव, मग नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं. वारसदार कोणी गिरगावात, कोणी डोंबिवलीत, कोणी पुण्यात. फोनवर सगळे ‘हो वहिनी, पाठवतो’ म्हणायचे आणि काही यायचं नाही. शेवटी आमच्या वकिलांनी सांगितलं, गणपतीत धरा. चाकरमानी आरतीला घरी असतातच. मी फाइल घेऊन आरत्या फिरले. प्रसाद घ्यायचा, सही घ्यायची. एका काकांनी सहीआधी विचारलं, ‘आमच्या आजोबांचा फोटो लावशात मां?’ लावला. दारातच आहे.

पुढचा पेच मालकीचा नव्हता, ताब्याचा होता. तरुण मुलांचं म्हणणं, नवी संस्था काढू आणि इमारत दीर्घ मुदतीने भाड्याने घेऊ. पण सार्वजनिक न्यासाची इमारत 3 वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तर कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. आणि 3 वर्षांच्या करारावर छपराला पैसे कोण घालणार? वकिलांनी उलट विचारलं, वेगळी संस्था हवीच कशाला? त्याच ट्रस्टच्या योजनेत, म्हणजे कारभाराच्या नियमावलीत, बदल मागा, त्याच कायद्यात कलम 50 अ आहे. ट्रस्टचा मूळ उद्देश वाटसरूंची सोय. गावोगाव हिंडणारी दशावताराची कंपनी आमच्याकडे खेळ करून पहाटे पुढच्या गावी जाते, ती मंडळी वाटसरू नव्हेत तर कोण? हा मुद्दा अर्जात घातला आणि तो कागदापुरता नव्हता. मागच्या दोन खोल्या आजही कलाकारांना राहायला ठेवलेल्या आहेत. मला विचाराल तर सगळ्यात शहाणपणाचा निर्णय तोच. जुनी संस्था जिवंत करणं कटकटीचं असतं, पण नवी संस्था म्हणजे गावात नवा पक्ष.

बांधकामाच्या वेळी भांडणं झाली ती सिमेंटवरून. भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, चुन्यात रचलेल्या. मधल्या काळात कोणीतरी आतून सिमेंटचा गिलावा मारला होता आणि त्यामागे ओल इतकी साठली होती की हाताने चिरा खरवडला जायचा. जांभा सच्छिद्र. आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; भिंतीत शिरलेलं पाणी चुन्यातून वाळून बाहेर पडतं, सिमेंटमागे कोंडतं. हे पटवून दिलं तरी गवंडी ऐकेनात, कारण चुना हाताळलेले त्यांच्यात उरलेच नव्हते. मग शेजारच्या गावातले एक म्हातारे गवंडी आणले. त्यांनी कळीचा चुना विरवून हौदात भिजत ठेवला आणि महिनाभर कोणाला हात लावू दिला नाही. मुंबईचे देणगीदार फोटो मागत होते आणि आमच्याकडे दाखवायला फक्त एक हौद होता.

आढं सागाचं, ते शाबूत होतं. वासे निम्मे वाळवीने खाल्लेले, ते किंजळीचे घातले. कौलं मंगलोरी, पडक्या घरांतून जुनी गोळा केली, कारण नव्या कौलाची खाच जुन्यात बसेना. शौचालयासाठी मागे बांधकाम वाढवलं असतं तर खाडीकाठ असल्यामुळे सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांचा, घोळ सुरू झाला असता. म्हणून ठरवलं, जोतं एक वीतही वाढवायचं नाही. जुन्या स्वयंपाकघरातच शौचालयं बसवली. जमीन कोब्याची ठेवली. एका देणगीदाराला संगमरवर हवा होता. फुगडीला पाय घसरतील म्हटल्यावर तो नाराज झाला आणि देणगी निम्मी केली.

आर्किटेक्टने मधल्या दालनात उंच रंगमंच काढला होता, पडदा, विंग, सगळं. नकाशा बघून दशावतारात राजपार्ट करणारे आमचे तात्या म्हणाले, ‘दशावताराक बाकडा पुरे, ह्यो कट्टो कित्याक?’ खरंच होतं. एक बाकडं, पेटी, मृदंग, झांज, आणि संवाद तर आयत्या वेळचे. डबलबारीला, म्हणजे भजनाच्या सामन्याला, दोन बुवा समोरासमोर लागतात, तिथेही कट्टा आडवाच येणार. मग आम्ही पिंगुळीला गेलो. चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या चित्रकथी कलेसाठी पद्मश्री मिळालेल्या परशुराम गंगावणे यांनी तिथे गोठ्याचं कलादालन केलंय. ते बघून आल्यावर कट्टा नकाशातून गेला आणि वाचलेले पैसे वायरिंगला लागले.

आता पावसाळ्यात मुलांची मृदंगाची शिकवणी, भाद्रपदाआधी भजनाच्या आणि फुगडीच्या तालमी, कार्तिकापासून खेळ. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, त्यावरून नाराजी आहे. दशावतार खरा रंगतो तो मध्यरात्रीनंतर, पण बिनमाइकचा खेळ नव्या पोरांना जमत नाही. लग्नासाठी रोज कोणीतरी विचारतं. भाडं चांगलं मिळेल, तरी आत चूल आणि मांडव नको, यावर विश्वस्तांचं तूर्त एकमत आहे. किती टिकेल सांगता येत नाही. कौलं दर वैशाखात परतावी लागतात, त्याला मजुरी परवडत नाही, म्हणून वाड्यांनी पाळ्या लावून घेतल्यात. यंदा खालच्या वाडीची पाळी होती. माणसं निम्मीच आली, तरी पावसाआधी काम झालं.