कूलर, लेझर आणि १०० हर्ट्झचा घोळ

मागच्या नोंदीत ठरवलं होतं ते असं : कूलरला एकही वायर न जोडता, हॉलच्या दुसऱ्या टोकावरून पंप पाणी ओढतोय की कोरडा फिरतोय हे ओळखायचं. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, टाकी दुपारीच तळाला जाते आणि पंप घरघरत राहतो. आईचं म्हणणं, "टाकीत फ्लोट लावून दे न बापा, लेझर कायले पाह्यजे?" मुद्दा बिनतोड आहे. पण ओला पत्रा आणि करंट जिथे एकत्र, तिथे आणखी एक वायर सोडायची माझी हिंमत नाही. शिवाय फ्लोटमध्ये मजा काय?

मूळ कल्पना अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या २०१८ मधल्या व्हायब्रोसाइट या प्रयोगाची. वस्तूंवर परावर्तक टेपचे तुकडे चिकटवायचे आणि लेझरने एकेक तुकडा वाचायचा. माइकला अख्ख्या खोलीचा गोंगाट ऐकू येतो, लेझरला फक्त त्या ठिपक्याची थरथर. खऱ्या डॉप्लर व्हायब्रोमीटरमध्ये (परतलेल्या प्रकाशाच्या बदललेल्या वारंवारतेवरून कंपाचा वेग मोजणारं यंत्र) पत्रा सेकंदाला १ मिलिमीटर वेगाने हलला की ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाच्या वारंवारतेत सुमारे ३ किलोहर्ट्झचा फरक पडतो. माझं यंत्र तेवढं शहाणं नाही. टेपवरून परत येणाऱ्या प्रकाशात बारीक दाणेदार नक्षी असते. पत्रा हलला की ती सरकते आणि फोटोडायोडवरचा (उजेडाचा सिग्नल करणारा सुटा भाग) उजेड कमीजास्त होतो. त्यामुळे वारंवारता कळते, पत्रा किती हलला ते नाही.

सामान साधं : लाल लेझर मॉड्यूल, त्याला खेटून बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड, सिग्नल वाढवायला टीएल०७२ चिप आणि तो कॉम्प्युटरवर घ्यायला यूएसबी साउंड कार्ड. टेप ट्रकच्या मागे लावतात तीच, नागपूरच्या बर्डीवरून आणलेली. ही टेप प्रकाश आला तिकडेच परत धाडते, म्हणून डायोड लेझरपासून लांब ठेवला की हाती काहीच लागत नाही.

पहिल्याच संध्याकाळी वारंवारतेच्या आलेखात १०० हर्ट्झवर सुरेख टोक दिसलं. पंपाचं चुंबक ५० हर्ट्झच्या दोन्ही अर्धलहरींना ओढतं, म्हणजे कंप १००चाच हवा. तीन दिवस मी खुशीत. चौथ्या दिवशी चहाचा कप घ्यायला वाकलो, लेझर माझ्या खांद्याने अडला, तरी टोक जागच्या जागी! एलईडी बल्ब. स्वस्त बल्बची लुकलुकही १००चीच. तीन दिवस मी बल्ब मोजत होतो.

उपाय : लेझरच ८ किलोहर्ट्झने चालूबंद करायचा आणि डायोडच्या सिग्नलमधून तेवढाच भाग पायथॉनमध्ये वेगळा काढायचा. बल्ब १००वरच राहतो, पंप ८,०००च्या आजूबाजूला जाऊन बसतो. आधी ही स्पंदनं ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डावरून देत होतो, पण त्याचं घड्याळ आणि साउंड कार्डचं घड्याळ जुळेना, सगळं हळूहळू सरकायचं. आता कार्डाच्याच हेडफोन आउटमधून ट्रान्झिस्टरमार्फत लेझर चालवतो. घड्याळ एकच, प्रश्न मिटला. वर एक फायदा फुकटात : हे कार्ड खालच्या वारंवारता गिळतं, त्यामुळे पंख्याच्या मोटरची २३ हर्ट्झ (मिनिटाला सुमारे १,४०० फेरे) आधी दिसतच नव्हती. आता दिसते.

काल मुद्दाम टाकी रिकामी होऊ दिली. टेप टाकीच्या तळाशी, पंपाच्या शेजारी. पाणी असताना १००चं एकटं टोक. कोरडा पडला तसे २००, ३००, ४००वर काटे उभे राहिले, आणि कानालाही खडखड ऐकू येऊ लागली. पंखा बंद असताना दहापैकी दहा वेळा बरोबर ओळखलं. पंखा तीनवर असला की मोटरचा स्वतःचा १०० त्यात मिसळतो आणि यंत्र भलतंच बडबडतं.

मनीषनगरात राहतो, विमानतळ जवळ, म्हणून खिडकी बंद आणि पडदा ओढूनच प्रयोग करतो. स्टीलचे डबेही समोरून हलवले, किरण कुणाच्या डोळ्यात उडायला नको.

पुढचा तुकडा मोटरच्या ब्रॅकेटवर लावणार आणि तिथला सिग्नल टाकीच्या सिग्नलमधून वजा करून पाहणार. लेझर एकच आहे, तो दोन तुकड्यांवर फिरवायला सर्व्हो (ठरावीक कोनात वळणारी छोटी मोटर) पुरेल का? कुणी सर्व्होवर आरसा बसवला असेल तर थांबल्यावर तो किती थरथरतो तेवढं सांगा.